अकोल्याच्या फुलरबाईंचे स्मरण

नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. लग्नाच्या प्रसंगी, किंवा एखाद्या वृद्ध मातेस मूठमाती देताना, पाळक तेच वाचतात. ते वर्णन 10 व्या वचनापासून चालू होते; त्यापूर्वीची वचने मात्र क्वचितच वाचली जातात. तेथे लमुएल राजाची आई बोलत आहे. ज्यांस स्वतःसाठी बोलता येत नाही, त्यांच्या वतीने तू बोल व दुबळ्यास न्याय दे, असे ती आपल्या पुत्रास शिकविते. पहाटे उठून घरच्यांस अन्न देणारी गृहिणी आणि मुक्यांची कैवारी माता ह्या दोघींस देवाने एकाच अध्यायात ठेविले आहे.

ह्या दोन्ही गोष्टी एकाच घरी कशा नांदतात, हे आपल्या वऱ्हाडाने एका अमेरिकन गृहिणीच्या ठायी पाहिले. जेनी फुलरबाई ह्या मिशनरी मार्कस फुलर ह्यांच्या पत्नी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या दांपत्याने अकोल्यास व पुढे मुंबईस सेवा केली. बाईंच्या मागे हेलन डायरबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. त्याच्या नावातच त्यांस अकोला व मुंबईच्या म्हटले आहे. जन्मभूमी समुद्रापलीकडे राहिली आणि आपल्या अकोल्याचे नाव त्यांस कायमचे जडले.

त्या काळी परक्या पुरुषास माजघरात प्रवेश नसे. मिशनरी स्त्रीस तो मिळे. तेथे खेळण्याच्या वयात सासरी आलेल्या मुली असत, कोपऱ्यात बसविलेल्या बालविधवा असत. 1891 साली संमतिवयाची मर्यादा 10 वर्षांवरून 12 वर्षे केली, तर तेवढ्यासाठीही देशभर वादळ उठले. अशा काळात, 1900 साली, बाईंचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. हिंदी स्त्रियांवरील अन्याय हेच त्याचे नाव व हाच विषय. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, देवदासी व मुरळ्या ह्यांची हकीकत त्यात आहे. पंडिता रमाबाईंनी त्यास प्रस्तावना लिहिली. पुस्तकावर लेखिकेचे नाव ‘मिसेस मार्कस बी. फुलर’ असे पतीच्या नावानेच छापिले आहे. पत्नी म्हणून त्या जगास ठाऊक होत्या. पण पत्नीपणाने त्यांची वाचा बंद झाली नाही. त्याच वर्षी त्या प्रभूमध्ये निजल्या.

प्रियजनहो, हे ऐकून ‘तो अन्याय इतरांच्या घरचा’ असे आपण म्हणू नये. आज 18 वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी अमरावती-अकोल्याच्या गावांतून फिरताना आम्ही काय पाहतो? कापसाची वेचणी आली की शाळा पहिल्याने कोणाची सुटते? मुलाची नव्हे, मुलीची. ‘चांगले स्थळ आले आहे, दोन वर्षांचे काय एवढे?’ असे आपल्या ख्रिस्ती घरांतही बोलले जाते. सोयरीक ठरते, सुपारी फुटते, आणि जिचे लग्न तिला कोणी विचारीत नाही. आपल्या घरातील मुकी ती हीच.

उपदेशक बंधूंनो, लग्नाची घोषणा मंडळीत वाचण्यापूर्वी मुलीचा जन्मदाखला पाहा. वय कमी असेल तर मंडप पडला असला तरी नाही म्हणा. पंच रागावतील, वजनदार घर दुरावेल, कदाचित त्या वर्षी तुमच्या घरी येणारे दाणेही कमी होतील. हे आम्ही हलके लेखीत नाही. परंतु मेंढपाळ मोठ्या मेंढ्यांस भिऊन कोकरू सोडून देईल, तर प्रभूस काय उत्तर देईल?

आणि मातांनो, तुमच्या चुलीचा धूर व तुमचे कष्ट देव पाहतो. आणखी एक काम त्याने तुम्हांस दिले आहे. पुरुष बाहेर ओसरीवर सोयरिकीचे बोलत असतील, तेव्हा आतून एक शब्द बोला: ‘अजून नाही, तिला शिकू द्या.’ आपल्या लेकीसाठी बोला, आणि शेजारच्या लेकीसाठीही बोला.

पुढच्या वेळी कोणाच्या लग्नात तो अध्याय वाचला जाईल, तेव्हा तो आरंभापासून वाचावा, एवढीच आमची विनंती. आपल्या मुक्या लेकींस प्रभू आपल्या मुखाने वाचा देवो. आमेन.