लाल चिठ्ठीचं उत्तर

लॉकर उघडावा आणि आत एक लाल चिठ्ठी चिकटवलेली दिसावी. ज्याला ती मिळाली, त्याला त्या क्षणापासून कॉलेजातल्या कोणीही छळावं. मध्ये कोणी पडणार नाही. चिठ्ठी पाठवणारी चार मुलं गडगंज घरांतली, आणि त्या घरांना दुखवण्याची कॉलेजची छाती नाही. तैवानमध्ये एप्रिल २००१ मध्ये ‘मीटिऑर गार्डन’ ही मंदारिन मालिका सुरू झाली, तिच्या कथेला तोंड फुटतं ते या चिठ्ठीने. पुढे आशियाभर ‘आयडॉल ड्रामा’ची जी लाट आली तिची सुरुवात या मालिकेपासून मोजतात आणि तिला प्रेमकथा म्हणतात. मला मात्र ती मुळात पैशाची कथा वाटते. त्यातलं प्रेम खरं वाटतं, कारण पैसा कुठे झाकलेला नाही.

नायिका शान्त्साय. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून तिला या श्रीमंतांच्या कॉलेजात घातलंय. मुलगी शिकेल ही आशा आहेच, पण एखादं बडं स्थळ मिळेल ही त्याहून मोठी. ती खाली मान घालून दिवस काढायचं ठरवते. मग एका मैत्रिणीसाठी तोंड उघडते आणि चिठ्ठी तिच्या वाट्याला येते. थोडं सोसते, आणि एके दिवशी त्या चौघांच्या म्होरक्यावर, दाओमिंग सीवर, उलटून हात उगारते. त्या माजोरड्या मुलाला जन्मात कोणी अडवलेलं नसतं. तो तिच्या प्रेमात पडतो तो तिथेच.

मूळ गोष्ट जपानी. योको कामिओ यांची ‘हाना योरी दांगो’ ही चित्रकथा १९९२ पासून मुलींसाठीच्या ‘मार्गारेट’ मासिकातून क्रमशः येत होती. अँजी चाय या तैवानी निर्मातीने ती उचलली. चाय मनोरंजनाच्या कार्यक्रमांतून आलेल्या. दिग्दर्शन त्साय युए-श्युन यांचं. चार श्रीमंत पोरांच्या, म्हणजे ‘एफ-फोर’च्या, भूमिकांत जेरी यान, विक चाऊ, केन चू आणि व्हॅनेस वू हे त्या वेळी फारसं नाव नसलेले चौघे. शान्त्साय झाली बार्बी शू. ही बहिणीबरोबर गाणारी, सूत्रसंचालन करणारी, बोलायला फटकळ म्हणून लोकांना ठाऊक असलेली मुलगी. मालिकेतलं कॉलेज म्हणून दिसतं ते जिआयी जिल्ह्यातलं राष्ट्रीय चुंग चेंग विद्यापीठ.

याआधीच्या तैवानी प्रेमकथांवर छ्योंग याओ या कादंबरीकर्तीची दाट छाया होती. तिच्या कितीतरी नायिका सोसतात, झुरतात, डोळ्यांतून धारा लावतात. शान्त्सायही रडते, भरपूर रडते, पण रडून झाल्यावर कामावर जाते. प्रेमात पडलेली ही मुलगी महिनाअखेरची चिंता कधी विसरत नाही. पडद्यावर हे नवं होतं, आणि माझ्या लेखी चारही देखण्या चेहऱ्यांपेक्षा मोलाचं होतं.

मालिकेचं साल लक्षात घ्या, २००१. संगणक आणि चिप बनवून मोठ्या झालेल्या तैवानला जागतिक मंदीचा तडाखा बसला. कित्येक दशकांत पहिल्यांदाच त्याची अर्थव्यवस्था त्या वर्षी वाढण्याऐवजी आकसली. कारखाने समुद्रापलीकडे चीनमध्ये चालले होते, बेकारी वाढत होती. मालिकेत यातलं काही सांगितलेलं नाही. पण ज्या घरात वडिलांची नोकरी टिकेल का हा प्रश्न होता, त्या घराला शान्त्सायच्या आईची धडपड समजावून सांगावी लागली नसणार.

एक गोष्ट मात्र मी माफ करू शकत नाही. सुरुवातीलाच दाओमिंग सी शान्त्सायवर जबरदस्ती करू पाहतो आणि ती रडू लागल्यावर थांबतो. पुढे तो सुधारतो, हळवा होतो, आणि मालिका तो प्रसंग जणू विसरून जाते. मनगट धरून ओढत नेणं, भिंतीशी कोंडणं, मत्सराने आदळआपट करणं, हे सगळं प्रेमाच्या खात्यावर जमा होतं. नंतरच्या आयडॉल मालिकांनी नेमकं हेच सर्वांत आधी उचललं. वयात येणाऱ्या मुलींनी त्यातून काय घेतलं असेल, हा प्रश्न या मालिकेवर प्रेम करणाऱ्यांनीच आधी विचारायला हवा.

चीन सरकारने २००२ मध्ये तिचं प्रसारण थांबवलं. तरुणांना चुकीचं वळण लागतं, हे कारण. मालिका व्हीसीडींवरून घरोघर पोचलीच. फिलिपिन्समध्ये २००३ मध्ये ती स्थानिक भाषेत आली आणि तिथे एफ-फोरचं वेड पसरलं. जपानने २००५ मध्ये आणि कोरियाने २००९ मध्ये त्याच कथेवर आपापल्या मालिका काढल्या. कोरियन मालिकेतला एक प्रसंग सांगायलाच हवा. मुलाची अब्जाधीश आई मुलीच्या खुराड्यासारख्या घरी येते. पोरीने माझ्या मुलाचा नाद सोडावा म्हणून नोटांनी भरलेली बॅग पुढे ठेवते. श्रीमंत जावयाची स्वप्नं पाहणारी मुलीची आई ती रक्कम बघते, स्वयंपाकघरात जाते, आणि मीठ आणून त्या बाईच्या डोक्यावर ओतते. अशुभ पाहुणा गेला की मीठ टाकायची तिकडे रीत आहे. लोभी म्हणून आपण जिला हसत आलो, तिला त्या मुठीपुरती अब्रू पैशाहून मोठी वाटते. वर्गभेदावरचे कितीतरी लेख मला या एका प्रसंगापुढे फिके वाटतात.

२०१८ मध्ये अँजी चाय यांनीच चीनमध्ये ही मालिका नव्याने केली, आणि नेटफ्लिक्समुळे ती आपल्याकडेही पोचली. चित्रण चकचकीत, कलाकार गोड. लाल चिठ्ठी गेली, तिच्या जागी पत्त्यातला जोकर आला. तो मिळाला की चौघांशी ब्रिज खेळायचा. चौघे आता हुशार, अभ्यासात पुढे असलेले विद्यार्थी आहेत. मारहाण कमी झाली याचं मी मनापासून स्वागत करतो. पण छळाबरोबर रागही गेला. हे चौघे केवळ घरच्या पैशाने नव्हे, गुणांनी वरचढ ठरल्यावर शान्त्सायने भांडायचं कशासाठी? अन्यायाचं तिथे गैरसमजात रूपांतर होतं, आणि गैरसमज दूर करायला दोन भाग पुरतात. हिंसा काढून टाकताना विषमतेवरचं बोट तसंच ठेवता आलं असतं. ते जमलं नाही, किंवा जमू दिलं गेलं नाही.

बार्बी शू २ फेब्रुवारी २०२५ रोजी जपानमध्ये फ्लूनंतरच्या न्यूमोनियाने गेली. वय ४८. त्यानंतर अनेकांनी ही मालिका पुन्हा काढून पाहिली. ज्यांनी फक्त २०१८ची आवृत्ती पाहिली आहे, त्यांना माझं सांगणं आहे की २००१ची शोधून पाहा. चित्र धूसर आहे, अभिनय जागोजागी कच्चा आहे आणि काही प्रसंग संताप आणणारे आहेत. घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल तर बरोबर बसून पाहा, आणि त्या जबरदस्तीच्या प्रसंगाला मालिका थांबवून त्यांच्याशी बोला.