उतारवयाचा तोल आणि आखाड्याची विद्या

अमडापूरसारख्या गावात एखादी आजी न्हाणीत घसरून पडली की पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पहिला दिवस हळद, तेल आणि शेकण्यात जातो. उठताच येत नाही हे कळल्यावर गाडी बोलावली जाते. आधी चिखली, मग बुलढाणा, आणि खुब्याचे हाड मोडलेले निघाले तर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी घरातले एक माणूस पुढचे कित्येक महिने त्या खाटेला बांधले जाते, आणि ते माणूस बहुधा सून असते. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत हे घडले तर मजुरी बुडते, ती वेगळीच.

या घटनेकडे पाहण्याची आपली रीतही ठरलेली आहे. ‘वय झालं, तोल गेला’ एवढ्यावर बोलणे संपते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि त्यात साठी ओलांडलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. मलेरिया किंवा क्षयासाठी गावपातळीपर्यंत यंत्रणा उभी राहिली. पडणे मात्र अजून नशिबाच्या खात्यावर मांडले जाते.

खरे तर तोल हे एक कौशल्य आहे. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतून येणारी जाणीव, अशा तीन ठिकाणांहून मेंदूला सतत खबर मिळत असते. त्या खबरेवर स्नायूंनी क्षणार्धात कृती करायची असते. वयानुसार मोतीबिंदूने नजर अंधुक होते, मधुमेहाने तळपायांची संवेदना बोथट होते आणि झटक्यात आकुंचन पावणारे स्नायुतंतू सर्वांत आधी घटतात. ठेच लागल्यावर पुढचे पाऊल वेळेत टाकणे म्हणूनच जमेनासे होते. पण या यंत्रणेला सरावाने पुन्हा कामाला लावता येते, अगदी सत्तरीनंतरही.

माणसे पडतात कशी, याचे उत्तर फार काळ पडणाऱ्याच्या आठवणीवरच अवलंबून होते. कॅनडात संशोधकांनी वृद्ध निवासांतल्या सामायिक जागांमध्ये कॅमेरे लावले आणि १३० जणांच्या २२७ पडण्यांचे चित्रण बारकाईने तपासले. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ठेच लागून किंवा अडखळून पडण्याचे प्रमाण २१ टक्के निघाले. सर्वांत मोठे कारण वेगळेच होते: ४१ टक्के वेळा माणूस अंगाचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना चुकला होता. वळताना, उठताना, काही घ्यायला वाकताना वजन पायांच्या आधारापलीकडे गेले होते.

कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवसापासून नेमके हेच शिकवतो. पवित्र्यात उभे राहायचे ते गुडघे थोडे वाकवून, कंबर खाली ठेवून, एक पाय पुढे घेऊन. समोरच्याने ओढले तर वजन कुठे न्यायचे, ढकलले तर पाय कुठे टाकायचे, कोणत्या क्षणी कोणता पाय मोकळा ठेवायचा, याची शेकडो वेळा घोटणी होते. जोर-बैठकांनी मांड्या आणि खांदे कमावले जातात, पण कुस्ती जिंकली जाते ती दुसऱ्याचा तोल ओळखून आणि आपला राखून. लाठीकाठीतही काठी फिरते तेव्हा खाली पाय बदलत असतात, आणि प्रत्येक वाराबरोबर वजनाची जागा बदलते. तरुणांनी प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी कमावलेली ही विद्या म्हाताऱ्यांना न्हाणीच्या ओल्या फरशीवर उपयोगी पडण्यासारखी आहे.

पडावे कसे, हे मात्र कुस्तीपेक्षा जुदोने अधिक पद्धतशीर मांडले. कुस्तीत पाठ टेकली की डाव संपतो, त्यामुळे मल्लाचा सगळा प्रयत्न पाठ वाचवण्याकडे असतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था काढून जुदोची घडी बसवली. या विद्येत फेकणे शिकण्याआधी पडणे शिकावे लागते. हनुवटी छातीशी घ्यायची, ताठ हात टेकायचा नाही, अंग गोल करून आघात पसरवायचा, शक्य तिथे लोळून जायचे. घाबरलेला माणूस याच्या नेमके उलट करतो. तो अंग ताठ करतो, मनगट पुढे करतो किंवा कुशीवर लाकडासारखा आदळतो. कुशीवर पडणे खुब्यासाठी सर्वांत घातक असते.

नेदरलँड्समधील नायमेगन शहरातल्या संशोधकांनी ही विद्या वृद्धांच्या वर्गात आणली. त्यांच्या पाच आठवड्यांच्या कार्यक्रमात अडथळ्यांची वाट होती, गर्दीतून चालण्याचा सराव होता आणि युद्धकलांतून घेतलेली पडण्याची तंत्रे होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा सराव केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी घटले. त्याच शहरात झालेल्या आणखी एका प्रयोगात जुदोचा अनुभव असलेल्या व्यक्ती गुडघ्यांवर बसून कुशीवर पडल्या, तेव्हा योग्य तंत्राने खुब्यावरचा आघात पाव हिश्शाहून अधिक कमी झाला. वृद्धांना फक्त पाच सत्रे शिकवल्यावर हा फायदा जेमतेम ८ टक्क्यांपर्यंत आला, पण पडण्याची भीती स्पष्ट कमी झाली.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. पाच सत्रांत म्हातारा माणूस जुदोपटू होत नाही आणि त्याचे हाड वाचेलच, अशी हमी कुणी देऊ नये. तरीही भीती कमी होण्याचे मोल थोडे नाही. एकदा पडलेल्या माणसाला घरचे प्रेमाने सांगतात, ‘आता बसून राहा, काही लागलं तर आवाज द्या.’ तोही घाबरलेला असतो, म्हणून बसून राहतो. अंगणात जाणे बंद होते, मग देवळात जाणे, मग शेजारी. काही महिन्यांत मांड्या आणखी बारीक होतात, पावले आखूड पडू लागतात, आणि जिच्या भीतीने बसवले ती गोष्ट अधिक जवळ येते. काळजीतून केलेला हा बंदोबस्त घरोघरचा आहे, आणि तो मोडल्याशिवाय पुढचे काही साधणार नाही.

चीनच्या ताई ची या युद्धकलेचा पुरावा याहून भक्कम आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात सत्तरीपुढच्या २०० जणांवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पंधरा आठवड्यांच्या सरावाने वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी उतरला. ओरेगनमध्ये पडण्याचा धोका असलेल्या ६७० वृद्धांवरील २०१८ च्या प्रयोगात तोलासाठी बेतलेली ताई ची आणि नुसते ताण देण्याचे व्यायाम यांची तुलना झाली. ताई चीच्या गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघाले. या हालचाली मूळच्या हल्ला आणि बचावाच्याच आहेत, फक्त संथ केलेल्या. अंगाचे वजन सावकाश एका पायावर न्यायचे, दुसरा मोकळा करायचा, मग टाकायचा.

कॉक्रेन संस्थेने २०१९ साली १०८ प्रयोगांचा आणि २३ हजारांहून अधिक सहभागींचा एकत्रित आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. तोल, उठबस आणि बळ यांचा सराव एकत्र केला, तर घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली. नुसत्या चालण्याचा असा उपयोग मात्र सिद्ध झाला नाही. आपल्याकडे डॉक्टरांपासून नातवापर्यंत सगळे म्हाताऱ्यांना ‘रोज फिरायला जा’ असे सांगतात. हृदयासाठी, मधुमेहासाठी तो सल्ला योग्यच आहे, पण तोलासाठी तेवढ्याने भागत नाही.

आखाड्याच्या नावावर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. साठीनंतर कुणाला मातीत उतरवून कुस्ती खेळवायची, असा याचा अर्थ नाही. अनेक जुन्या मल्लांचे गुडघे कसे असतात, हे गावाला ठाऊक असते. हाडे ठिसूळ झालेल्यांना पडण्याचा सराव देताना नायमेगनच्या संशोधकांनीच जाड गादी, खुब्यावर संरक्षक पट्टे आणि पुढच्या बाजूला पडण्याचे प्रकार टाळणे, अशी पथ्ये सांगितली आहेत. चक्कर, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू यांची तपासणी आधी व्हायलाच हवी. न्हाणीत धरायला दांडी, रात्री वाटेवर दिवा आणि पायात घट्ट बसणारी चप्पल यांना कोणताही व्यायाम पर्याय नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप बायकांच्या बाजूचा आहे. मासिक पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते आणि खुबा मोडण्याचा धोका स्त्रियांना अधिक असतो. तालमीची पायरी मात्र त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य होती. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. मुलींसाठी जे दार उघडले, ते त्यांच्या आज्यांसाठी बंद ठेवण्याचे कारण नाही. वऱ्हाडातल्या शेतकरी बाईने उभी हयात उकिडवे बसून निंदण केलेले असते, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चाललेली असते. तिच्या अंगात तोलाची विद्या आधीच आहे. शेत सुटल्यावर आणि प्लास्टिकची खुर्ची आल्यावर तिचा सराव तुटतो. तो परत सुरू करायचा, तर वर्ग बायकांचा, शिकवणारी बाई आणि वेळ घरकामातून सवड मिळेल ती, एवढे किमान पाळावे लागेल.

शिकवणारे कुठून आणायचे? विदर्भाला याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी पाया घातलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आज मंडळाकडे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. कुस्ती, मल्लखांब, लाठीकाठी आणि जुदो जाणणाऱ्या शिक्षकांनी हाडांच्या डॉक्टरांसोबत आणि फिजिओथेरपिस्टसोबत बसून वृद्धांसाठी बारा आठवड्यांचा साधा अभ्यासक्रम आखणे, हे अशा संस्थेच्या आवाक्यातले काम आहे. गावोगावचे निवृत्त क्रीडाशिक्षक आणि जुने वस्ताद तो शिकू शकतील.

अमडापुरात असा वर्ग सुरू करायला नवी इमारत लागणार नाही. शाळेची खोली, देवळाचा सभामंडप किंवा व्यायामशाळेचा एक कोपरा पुरे. आशाताईंनी घरोघर एक सोपी चाचणी घ्यावी: आधाराजवळ उभे राहून माणूस एका पायावर दहा सेकंद तोल राखू शकतो का? ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांत पाचातल्या एकाला हे जमले नव्हते. ज्यांना जमत नाही, त्यांना आधी आरोग्य केंद्रात तपासून मग वर्गात घ्यावे. पहिले चार आठवडे खुर्ची धरून पवित्रा, वजन बदलणे आणि अर्ध्या बैठका. पुढचे चार आठवडे काठी हातात घेऊन चारी दिशांना पाऊल टाकणे आणि हलक्या धक्क्यावर सावरणे. शेवटच्या टप्प्यात, ज्यांना परवानगी मिळाली आहे त्यांच्यासाठी, गादीवर बसून कुशीवर लोळणे आणि सर्वांसाठी जमिनीवरून एकट्याने उठणे. हे उठणे वगळू नये. घरी कुणी नसताना पडून तासन्‌तास तसेच राहावे लागले, तर त्यातून होणारी हानी मोडलेल्या हाडाइतकीच मोठी असू शकते.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये दिले जातात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा अशी ती साधने आहेत आणि गरजूंना ती मिळायलाच हवीत. त्याच्या जोडीला तोल शिकवणाऱ्याचे मानधन आणि चार जाड गाद्यांचा खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात धरता येईल. आराखड्यासाठी ग्रामसभा बसते, तेव्हा गटारे आणि पथदिव्यांसोबत ही मागणी मांडायला साठीपुढची माणसे स्वतः यावीत, आणि गेल्या वर्षभरात गावात किती जण पडले याची आशाताईंनी केलेली यादी त्यांच्या हातात असावी.