मोडलेले हाड आणि वय

ऐंशीच्या घरातील आजींचे खुब्याचे हाड मोडले की, "आता या वयात शस्त्रक्रिया कशाला?" असा सूर निघतो. त्यात दया किती आणि आपली सोय किती? अंथरुणास खिळलेल्या वृद्धांना न्यूमोनिया, शय्याव्रण, रक्ताच्या गुठळ्या गाठतात. म्हणून शक्यतो ४८ तासांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी त्यांना उभे करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. यहेज्केलाच्या ३४व्या अध्यायात मेंढपाळांवर मोडलेल्यास न बांधल्याचाही ठपका आहे. तेथील 'हाबश' हेच इब्री क्रियापद अब्राहामाने गाढवावर खोगीर घातले तेथेही येते. बांधायचे ते वाटेस लागण्यासाठी, असे मला वाटून जाते. प्रकृती शस्त्रक्रिया सोसणारी नसेल, तर वेदनाशमन हीही शुश्रूषाच होय. परंतु हे ठरवताना आजींना कोणी विचारले काय? पुष्कळदा त्या शेजारच्याच खोलीत पूर्ण शुद्धीवर असतात.