तिसरं वर्ष

गुजरातमधल्या बारडोलीत उसाचा हंगाम उताराला लागतो, त्याच सुमारास माँटेसरी शाळांमधून पालकांच्या हातात पुढच्या वर्षाचे फॉर्म पडतात. मूल इथेच ठेवणार का? ठेवणार असाल तर अमुक तारखेच्या आत सही करा, पहिला हप्ता भरा. जागा मोजक्या, जूनची तयारी आधी करावी लागते, म्हणून शाळेने विचारलं तर तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. चुकतं ते आपलं. इथे सही करायची, सुरतच्या एखाद्या मोठ्या इंग्रजी शाळेतही गुपचूप नाव घालून ठेवायचं, आणि मे महिन्यात ज्याचं पारडं जड तिकडे जायचं. दोन दगडांवर पाय ठेवण्याला हल्ली जागरूक पालकत्व म्हणतात. नव्या बेन, म्हणजे शिक्षिका, नेमायच्या की नाही, नवी मुलं किती घ्यायची, हे सगळं शाळा आपल्या त्या सहीवर ठरवते. जिला नंतर ‘सॉरी, आम्ही दुसरीकडे घेतलं’ एवढाच मेसेज मिळणार, त्या शाळेला आपण शब्द दिला होता हे आपल्याला आठवतही नाही.

तरी शाळा सावरते. माझा मुद्दा मुलाचा आहे, आणि तो तिसऱ्या वर्षाचा आहे.

माँटेसरीच्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र बसतात. हे जागेअभावी केलेलं नसतं, पद्धतच तशी आहे. पहिल्या वर्षी मूल बरंचसं बघत असतं. दुसऱ्या वर्षी हात चालू लागतात. तिसऱ्या वर्षी ते वर्गातलं मोठं होतं. तीन वर्षांचा एखादा मुलगा एका चंबूतून दुसऱ्या चंबूत मूग ओतत असतो आणि निम्मे जमिनीवर सांडतात. पाच वर्षांची मुलगी उठते, कोपऱ्यातला छोटा झाडू आणून त्याच्या हातात देते आणि स्वतः सुपली धरून बसते. मूग ती गोळा करत नाही. त्याचे ते गोळा होईपर्यंत सुपली हलू देत नाही, इतकंच. बेन लांबून बघत असतात. दोन वर्षांपूर्वी याच मुलीसाठी कुणीतरी अशी सुपली धरलेली असते.

नेमकं याच वर्षी आपण मूल काढून नेतो. कारण एकच: ‘मोठ्या शाळेत आत्ताच घातलं नाही तर पुढे जागा नाही.’ गुजरातमध्ये आता पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे हे मूल काही वर्ष आधी पहिलीत जाणार नसतं. ते एका बालवर्गातून उठून दुसऱ्या बालवर्गात बसणार असतं. तिथे सगळी एकाच वयाची, ओळीत, वहीत अक्षरं गिरवत. दोन वर्षं त्याने मोठ्यांकडून घेतलं. धाकट्यांना द्यायची वेळ आली तेव्हा आपण त्याचं दप्तर उचललं. घ्यायचं तेवढं घ्यावं आणि निघावं, हा धडा त्याला कुणी तोंडाने शिकवलेला नसतो.

अर्थात माँटेसरी ही पाटी कुणीही लावू शकतो. आत एकाच वयाची तीस मुलं घोकत बसलेली दिसली, तर तिथून मूल काढण्यात पाप नाही. पण मग ते बघून काढा, शेजाऱ्याने काढलं म्हणून नको.

याच गावात आणखी एक नोंदणी चालते, तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. दिवाळीच्या पुढेमागे नंदुरबार-धुळ्याकडून आणि डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर उतरतात. उधन्याहून जळगावला जाणारी तापी रेल्वेलाईन बारडोलीला नवापूर-नंदुरबारशी जोडते, टेम्पो-ट्रकही येतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिलेली असते, ती फेडायला यायचं. फिटली नाही तर पुढच्या वर्षीही यायचं. आपण मुलाची जागा धरायला आगाऊ पैसे देतो. कोयत्याने आगाऊ पैसे घेतले की त्याच्या मुलाची जागा सुटते.

या टोळ्या उतरतात त्या पडावावर जाऊन बघा. आई पहाटेच तोडीवर गेलेली. सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन वाढ्यांची मोळी बांधताना दिसेल. मोठ्याने धाकट्याला सांभाळायचं, हे इथेही आहे. पण सुपली धरणाऱ्या मुलीला वर्ग असतो, हिला फक्त भाऊ असतो. ती नंदुरबारकडची असेल तर तिच्या गावच्या शाळेत नाव मराठी हजेरीवर, घरातली बोली मावची नाहीतर अहिराणी, आणि इथे फळा असलाच तर गुजरातीत. स्थलांतरितांच्या मुलांसाठी सरकार हंगामी वर्ग चालवतं, महाराष्ट्रात साखरशाळा झाल्या. पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. तीन ते सहाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क नाही, जमलं तर अंगणवाडी.

आणि माँटेसरीची पद्धत जन्मली ती अशाच मुलांसाठी. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत पहिलं बालगृह उघडलं, कारण आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली पोरं नव्या इमारतींच्या भिंती आणि जिने खराब करत होती. तीच पद्धत घेऊन गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे १९२३ मध्ये गेल्या, शिकल्या, आणि १९४५ मध्ये मुंबईची शाळा मागे ठेवून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, गोटे, पानं, बिया आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी विकासवाडी उभी केली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण शाळेत का येत नाही, तर कडेवर बाळ आहे म्हणून. मग बाळालाही आत घ्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. बोर्डी गुजरातच्या हद्दीला टेकून आहे. ताराबाईंचा मार्ग बारडोलीला ठाऊक नसावा इतकं अंतर मध्ये नाही. आणि बारडोलीच्याच शेजारच्या वेडछीत गांधीवादी कार्यकर्ते जुगतराम दवे आदिवासी मुलांमध्ये आयुष्यभर राहिले.

मग ती पद्धत आज आपल्या गावात फक्त फी भरणाऱ्यांकडे का राहिली, हा प्रश्न शाळेला विचारून उपयोग नाही. ती फीवरच चालते.

विचारायची जागा वेगळी आहे. या गावातल्या फॉर्म भरणाऱ्या पालकांपैकी बऱ्याच जणांचा ऊस कारखान्याला जातो. ते सभासद आहेत. कारखाने सहकारी आहेत, वार्षिक साधारण सभा होते, सभासदाला बोलायचा हक्क असतो. दरवर्षी तिथे भाव, तोडीची पाळी आणि हप्ता यांवर आवाज चढतात, आणि चढायलाच हवेत. त्याच सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारावं: आपल्या शेतात तोडीला येणाऱ्या कोयत्यांची सहा वर्षांखालची मुलं किती, त्यांच्यासाठी पडावावर पाळणाघर आणि बालवाडी या हंगामात उघडणार का, त्यांची बोली समजणारी बाई नंदुरबारहून आणणार का, आणि टनामागे त्याला किती पैसे लागतील? हिशेब अवघड नाही. टन मोजलेले असतात, कोयते मुकादमाच्या वहीत लिहिलेले असतात. मुलं तेवढी कुणी मोजलेली नसतात.