खंडेनवमीची गाडी

 

उद्या खंडेनवमी. आपल्या जयेंद्रगंजात दारोदारी गाड्या धुतल्या जातील. तिघऱ्याचं पाणी जपून वापरा बरं! दोन बादल्या पुरतात, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला.

मागच्या वर्षी मी घाईत कोरड्या फडक्यानेच धूळ पुसली. बॉनेटभर बारीक ओरखडे! मुलगा म्हणाला, "आई, धूळ आधी भिजवायची, मग पुसायची." त्याच आठवड्यात मी सूनबाईची चूक चारचौघांत अशीच कोरडेपणाने दाखवली होती. दर गुरुवारी सत्संगात मन धुण्याचं ऐकणारी मी! पॉलिशने ओरखडे थोडे बुजले, ती मात्र अजून मोजकंच बोलते.

उद्या गाडी धुवायला मी तिलाच हाक मारणार आहे. ऊन चढायच्या आत, सावलीत.