पत्तीचा क्रमांक आणि साधकाचा अधिकार

साधनेची योग्यता तिच्या कठोरतेवरून ठरते काय, हा प्रश्न आपल्या धर्मविचारात फार जुना आहे, आणि शास्त्रकारांनी त्याचे उत्तर काहीही दिलेले असले तरी व्यवहारात आपण ते बहुधा होकारार्थीच देत आलो आहोत. फराळ करून एकादशी धरणाऱ्यापेक्षा निर्जळी करणाऱ्यास, गाडीने पंढरपुरास जाणाऱ्यापेक्षा पायी जाणाऱ्यास आणि गृहस्थापेक्षा संन्याशास आपण नकळत वरचा हुद्दा बहाल करून मोकळे होतो. या समजुतीची तपासणी करावयास क्लॅरिनेटसारखे दुसरे साधन मला आढळलेले नाही. कारण ते शिकणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा पत्तीच्या खोक्यावरील, कडकपणा दाखविणारा ३ हा आकडा २½ पेक्षा श्रेष्ठ समजतो, आणि ३½ वर जाणे म्हणजे बढती मिळणे असे मानतो.

क्लॅरिनेटचा स्वर जन्मतो तो माऊथपीसच्या टोकाशी. तेथे बसविलेली असते अरुंडो डोनॅक्स नावाच्या, वेळूसारख्या उंच वाढणाऱ्या गवताची पत्ती, म्हणजेच रीड. फ्रान्सच्या दक्षिणेस व्हार प्रांतात हे गवत उत्तम पिकते, साधारण दोन वर्षांचे झाले म्हणजे तोडतात, आणि उन्हात वाळून सोनेरी झाल्यावर त्याच्या पत्त्या कापतात. पत्ती माऊथपीसच्या सपाट बाजूवर ठेवून आवळली असता दोहोंच्या टोकांमध्ये एक बारीक फट राहते. फुंकर घातली की पत्ती त्या फटीवर उघडझाप करू लागते आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. पॅरिस येथे १९०५ साली स्थापन झालेल्या व्हँडोरेन कारखान्याच्या ५आरव्ही लायर या माऊथपीसची फट १.०९ मिलिमीटर असते, आणि त्याच कारखान्याच्या बी४५ ची १.१९५ मिलिमीटर. अंतर मिलिमीटरच्या दशांशाएवढे. परंतु वादकाच्या ओठास ते तत्काळ कळते. फट मोठी असेल तर पत्तीला अधिक वाकावे लागते, म्हणून ती नरम असावी लागते. फट लहान असेल तर नरम पत्ती जोराच्या फुंकरीसरशी टोकाला चिकटून बसते आणि स्वर कोंडतो, म्हणून तेथे कडक पत्ती लागते. मोठ्या फटीवर २½ ची पत्ती वाजविणारा आणि लहान फटीवर ३½ ची वाजविणारा, हे दोघे छातीचे सारखेच श्रम करीत असणे अगदी शक्य आहे, आणि त्यांच्यापैकी श्रेष्ठ कोण हे खोक्यावरून सांगता येणार नाही.

याहूनही बोधक अशी एक गोष्ट आहे, आणि पुष्कळ वादकांनाही ती ठाऊक नसते. एका जातीच्या सर्व पत्त्या कारखान्यात एकाच मापाने कापलेल्या असतात. २½ ची पातळ आणि ४ ची जाड, असा प्रकार नसतो. कापून झाल्यावर यंत्र प्रत्येक पत्ती किंचित वाकवून तिचा प्रतिकार मोजते, आणि त्या मापाप्रमाणे तिचा क्रमांक मुकर्रर होतो. यंत्र मोजते ते एवढेच. पत्तीचा स्वर गोड निघेल की कर्कश, तो सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल की नाही, याविषयी त्या आकड्यात अवाक्षरही नाही. नेमधर्माच्या बाबतीत आपले नेमके हेच झाले आहे. किती उपवास, किती माळा, किती कोस, हे मोजता येते म्हणून आपण तेच मोजीत बसलो. चित्त किती निवळले, क्रोध किती ओसरला, शेजारच्या दुःखिताकडे पाहण्याची दृष्टी किती पालटली, हे कोणत्याही यंत्राच्या आटोक्यात येत नाही, म्हणून ते हिशेबातच धरले गेले नाही.

आपल्या तत्त्वज्ञांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. स्वधर्म सदोष असला तरी परधर्माहून बरा, हा गीतेचा सिद्धान्त तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत दोनदा आला आहे. आणि कोणासाठी हे विचारल्यावाचून कोणतीही साधना सांगू नये, हा वेदान्ताचा शिरस्ता अधिकारभेद या नावाने प्रसिद्ध आहे. मूळ कल्पना उदार आणि अनुभवसिद्ध आहे. तिच्यात साधकाच्या प्रकृतीला मान आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्याच्या घशात न ओतण्याचा विवेक आहे. पण याच कल्पनेचा केवढा विपर्यास झाला! ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्यांसारख्या अद्वैताच्या महान प्रतिपादकानेही शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. इ. स. १२९० मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात वेदाला कृपण ठरविले ते याचसाठी. तो तीनच वर्णांशी बोलला आणि स्त्रीशूद्रांना पारखा राहिला, हा त्यांचा आक्षेप होता. जन्माचा शिक्का पाहून अधिकार ठरविणे म्हणजे पत्ती ओठाला लावल्यावाचूनच तिच्या स्वराचा निवाडा करणे होय, आणि तो निवाडा माझ्या मते अन्यायाचाच होता.

वादक काय करतो ते पाहावे. खोक्यात दहा पत्त्या असतात आणि सर्वांवर एकच आकडा असतो. तो एक पत्ती काढून थोडी भिजवितो, उजेडासमोर धरून तिच्या गाभ्याची सावली दोन्ही अंगांस सारखी उतरली आहे की नाही हे निरखतो, माऊथपीसवर ठेवून टोकाशी टोक जुळवितो. पत्ती केसभर वर सरकली तर कडक भासते, केसभर खाली आली तर नरम. मग तो एक लांब सूर धरतो आणि खालच्या सप्तकातून हळूहळू वर जातो. दहांतील काही थोड्याच पत्त्या मैफलीसाठी निवडल्या जातात. बाकीच्या, त्याच क्रमांकाच्या असूनही, सरावापुरत्या राहतात. शिवाय एका कारखान्याचा ३ दुसऱ्याच्या ३ शी जुळेलच असेही नाही. गुरू जवळ बसून सल्ला देतो, आणि तो मोलाचा असतो. परंतु ओठ शिष्याचा असतो आणि अखेरचा कौल तोच देतो.

वीणेची तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये, हा बुद्धाने सोण नावाच्या भिक्षूला केलेला उपदेश येथे कोणालाही आठवेल. सोण चालून चालून पायांतून रक्त काढीत होता, आणि त्याच्यासाठी तो उपदेश अचूक होता. परंतु तो सर्वांसाठी एकच मध्यबिंदू सांगणारा आहे असे कोणी समजेल तर ते बरोबर नाही. जर्मन वादक परंपरेने लांब उताराचे, अरुंद फटीचे माऊथपीस वापरतात आणि पत्ती दोऱ्याने बांधतात. फ्रेंच संप्रदायाचे माऊथपीस आणि पत्ती दोन्ही निराळी. १८९१ साली क्लॅरिनेटवादक रिचर्ड म्यूलफेल्डचे वादन ऐकून संगीतकार ब्रह्म्सने क्लॅरिनेट पंचक रचले, आणि आज ते दोन्ही संप्रदायांचे वादक आपापल्या सरंजामानिशी तितक्याच तन्मयतेने वाजवितात.

कठोरतेला स्थानच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. फार नरम पत्तीवर वरच्या पट्टीचे सूर उतरू लागतात, आणि ओठ बळकट होत जातो तसतसा वादकाला थोडी अधिक कडक पत्ती आपण होऊन हवीशी वाटते. ज्याला आज तासभर ध्यानाला बसवत नाही त्याला उद्या बसवेल, आणि त्याने बसावे. फक्त ती वाढ आतून आलेली असावी. कोणाच्या दडपणाने वा कोणाच्या ईर्ष्येने नव्हे.

म्हणून घरात एखादे मूल क्लॅरिनेट शिकू लागले असेल तर त्याला मध्यम फटीचे माऊथपीस आणि २ किंवा २½ ची पत्ती द्यावी, आणि वर्ष उलटले एवढ्याच कारणाने क्रमांक वाढवू नये. घरात कोणी नव्याने एखादा नेम धरला असेल, तर शेजारी किती कडक नेम करतो हे त्याच्या कानावर घालू नये, अशी माझी वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.