कार्ड नेमकं कुणाचं?

लहान मूल कार्ड बनवत असताना मोठ्यांनी हात कधी घालावा? प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्या मदतीत मदत किती आणि ताबा किती, हे तपासायला इतकी सोपी जागा क्वचितच मिळते.

मोडनिंबमध्ये गेल्या डिसेंबरात माझी सहा वर्षांची भाची तिच्या बाईंसाठी नाताळचं कार्ड करत होती. बाई ख्रिस्ती आहेत. तिनं झाड काढलं ते कडुनिंबाचं, आणि खाली मेंढरं. लगेच घरातलं कुणीतरी म्हणालं, "अगं, ख्रिसमस ट्री असा नसतो." मोबाईलवर बर्फातलं सूचिपर्णी झाड उघडलं गेलं आणि पेन्सिल मोठ्यांच्या हातात जायला लागली.

पण 'बरोबर' चित्र कुठलं? छापील नाताळ कार्डांतलं पहिलं समजलं जाणारं कार्ड 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं. त्यावर ना बर्फ, ना झाड. मधोमध पेले उंचावणारं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं. कोल यांची अडचणही आपल्या ओळखीची होती: पत्रं फार, उत्तरं द्यायला वेळ नाही. म्हणजे छापील कार्ड जन्मलं तेच वेळ वाचवायला. आपला व्हॉट्सअॅप फॉरवर्ड त्याचाच वंशज.

आणि मूळ गोष्ट पाहा. येशूच्या जन्माची बातमी आधी कळते ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. शेतात मेंढरं बसवणारे धनगर आमच्या भागातल्या मुलांनी पाहिलेले असतात. बर्फ पाहिलेला नसतो. म्हणजे जे 'चुकीचं' म्हणून खोडायला निघालो, तेच गोष्टीच्या जास्त जवळचं होतं.

मग मुलांना काही शिकवायचंच नाही का? शिकवायचं की. कागद सरळ कसा दुमडायचा, डिंक किती लावायचा, हे विचारलं तर दाखवावं. कात्रीवर लक्ष ठेवावं. आमच्या कामात दोघं मिळून एकाच कॉम्प्युटरवर कोड लिहितात, तेव्हा एक पथ्य पाळतात: शेजारच्यानं सुचवावं, कीबोर्ड ओढून घेऊ नये. ओढला की काम लवकर संपतं, पण समोरच्याचं त्यात काही उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, मुलाला कुठे बाईंची आठवण असते, त्याचं लक्ष चमकीत असतं. खरं आहे. पण मध्येच कधीतरी ते विचारतं, "बाईंना पिवळा आवडतो का?" स्वतःचा सण नसताना दुसऱ्याच्या आनंदाचा विचार तिथे सुरू होतो. आपण झाड दुरुस्त करत बसलो, तर हा प्रश्न पडायला त्याला फुरसतच मिळत नाही.

सुबक कार्ड दुकानात मिळतं, ॲप तर सेकंदात बनवून देतं. सहा वर्षांच्या मुलाजवळ देण्यासारखं असतं ते त्यानं पाहिलेलं जग. कार्डाखाली नाव त्याचं लिहायचं असेल, तर वर झाडही त्याचंच असू द्यावं.